शेऱ्याचा रकाना

तावडे हॉटेलच्या चौकात, पुलाच्या सावलीला,
प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर पॅड,
पॅडवर तक्ता : दुचाकी, मोटार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, इतर.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
सकाळी सहा ते दुपारी दोन,
पाचशे रुपये आणि नाष्टा.

एकतीस वर्षं केएमटीत कंडक्टर होतो,
मोजायची सवय हाडात आहे.
फक्त तेव्हा माणसं मोजायचो.
मागच्या दारापासून पुढं, खांदे बाजूला सारत :
बसलेले चव्वेचाळीस, उभे सव्वीस,
आणि ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर
बूड टेकून बसलेला एक, जो दोन्हीत येत नाही.

चौगुले मॅडम म्हणतात, काका, दर पंधरा मिनिटाला बेरीज मांडा.
हे आकडे पुण्याला जाणार.
तिथं ठरणार, इथं अजून एक पूल लागतो
का आहे तोच रस्ता फाडून रुंद करायचा.
पोरगी हुशार आहे. टोपी नाही घालत.

साडेसहा. शिरोलीची पहिली पाळी सातची.
फाउंड्रीची पोरं, कानाला मफलर, डबा हँडलला.
उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव, कागल,
परवडंल तिकडं घरं सरकत गेली,
काम राहिलं दुसऱ्या टोकाला.
मधलं अंतर रोज सकाळी
हायवेवर येऊन उभं राहतं आणि हॉर्न वाजवतं.

मग उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या,
चढाला पुढची चाकं उचलतोय,
टेप फुल्ल,
आणि त्याच्या मागं अख्खा राष्ट्रीय महामार्ग
वरातीसारखा, पाऊल पाऊल.
"ह्याची एकच रेघ?"
"एकच, काका."

आठ वाजून चार. कागलची बस, पायरीपर्यंत माणूस.
रेघ मारली. एक.
मागं पांढरी मोटार, काचा वर, आत एकटाच,
मशीननं दाढी करतोय, खोटं नाही सांगत.
एक.

मॅडमना म्हटलं, हे कसं काय?
म्हणाल्या, नंतर वजन लावतात.
मोटार म्हणजे एक. बस म्हणजे तीन मोटारी.
म्हणजे बसचा गुन्हा तिप्पट?
हसल्या. रस्ता किती अडवते ते बघतात काका.
आणि नेते किती जणांना, ते?
ते ह्या तक्त्यात नाही.

गप्प बसलो. कागदाशी भांडून उपयोग नसतो,
हे डेपोतच कळलंय.
सहा चाळीसची कागल–शिरोली बंद झाली
तेव्हाही कागदच आला होता : उत्पन्न कमी.
तिची माणसं आठवडाभर थांब्यावर दिसली,
मग दिसली दुचाकीवर.
हप्त्याची गाडी, हेल्मेट आरशाला.

त्यातलाच एक, रमजान बागवान, कोअर शॉपचा,
आत्ता समोर लायनीत अडकलाय.
माझ्या शेवटच्या महिन्यात
त्याच्या तिकिटामागं चार रुपये लिहून दिले होते, राहिलेच.
उठलो. खिशातनं पाचचं नाणं काढून
त्याच्या हातमोज्यात ठेवलं.
"आता कशाला, तिबिलेमामा?" म्हणाला,
"तिकीट तर कधीच हरवलं."
मग पुलाकडं बघून : "नवीन झाला की
वीस मिनिटं वाचणार म्हणत्यात."
"काय करशील वीस मिनिटांचं?"
"झोपंन की."
तेवढ्यात पुढची गाडी हलली.
खुर्चीशी परत येईतो
नऊ-दहा वाहनं न मोजताच गेली असतील.
त्यांच्यापुरता रस्ता मोकळा, असं समजा.

दोन वाजता सही करून पॅड द्यायचं.
शेवटी शेऱ्याचा रकाना, दोन बोटं रुंद.
आठ तासात कुणी त्यात काही लिहीत नाही.
मी बारीक अक्षरात लिहिलं
(काचेतनं नुसत्या डोक्यांवरनं येतं मला) :

८.०४ ची बस. बसलेले चव्वेचाळीस. उभे एकतीस.
कडेवर लहान मूल एक,
तिकीट लागत नाही.